रफिकचा फाटा
"दादा, रफिकभाई नाही राह्यले," दिग्रसहून त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी रफिकनेच पाठवलेली एक दुरुस्ती वाचत होतो. महिना झाला त्याला. आमचं बोलणं बंद होऊन मात्र दोन वर्षं झाली होती...

यवतमाळला कॉलेजात असताना आम्ही दोघांनी एक कंपायलर लिहिला, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. तो सगळ्यांना खुला. कुणीही न्यावा, बदलावा. मूळ प्रत सांभाळायचं काम माझ्याकडे. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की आमचा कंपायलर नुसता एक आकडा दाखवायचा. रफिकला ते खपत नसे. "अब्बा गॅरेजात गिऱ्हाइकाले काय बिघडलं ते बोट ठेवून दाखवते. मंग आपण काहून आकडा फेकून राह्यलो?" मी म्हणालो, "असले लाड माझ्या कंपायलरात नकोत." माझ्या! तो शब्द आजही बोचतो. तो भांडला नाही. सगळा कोड उचलून त्याने आपला वेगळा फाटा काढला. आमच्या धंद्यात त्याला फोर्क म्हणतात.

मला ते घर फोडल्यासारखं वाटलं, मी अबोला धरला. वर्षभरात शिकणारी पोरं त्याच्याकडे वळली, माझ्याकडे शुकशुकाट. आणि हा पठ्ठ्या दर रविवारी, त्याच्याकडे सापडलेल्या चुकांची दुरुस्ती मला न चुकता पाठवायचा. त्यांच्या गॅरेजात बदललेला जुना पार्ट धुऊन, कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत देतात. रफिकनेही माझा काढून टाकलेला कोड वेगळ्या कप्प्यात जपला होता, वर माझं नाव घालून. माझा कंपायलर जगला तो त्याच्या दुरुस्त्यांवर. त्या मी मुकाट्याने घेत राहिलो. "तुझं बरोबर होतं" एवढे तीन शब्द लिहायला मात्र हात धजला नाही, आणि आता ते वाचायला तो नाही.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याची दुरुस्ती आली नाही. त्या दिवशी मी त्याचा सगळा फाटा मूळ प्रकल्पात सामावून घेतला. तपासायला छोटा प्रोग्रॅम लिहिला, घाईत एक कंस बंद करायचा राहिला. पडद्यावर रफिकने लिहून ठेवलेली ओळ उमटली: "सातव्या ओळीत पाहून घे भाऊ. कंस उघडला, बंद काहून नाही केला?"

मी कंस बंद केला. प्रोग्रॅम निमूट चालला, पडद्यावर काहीच आलं नाही... मग मी तो कंस पुन्हा काढून टाकला.