भानुदास सरांची चौदा क्रियापदे आणि आबांचा पंधरावा शब्द

भानुदास सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या नापासाच्या निकालपत्रामुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दहावीच्या इंग्रजीत मार्चमध्ये माझी दांडी उडाली होती, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उडाली आणि मी सणसरच्या शाळेच्या ओट्यावर तोंड लपवून बसले होते. सर सायकलवरून उतरले. त्यांनी निकालपत्र मागून घेतले, वरपासून खालपर्यंत सगळे विषय वाचले आणि म्हणाले, "गणितात चांगलं मार्क हायेत की. रविवारी सकाळी आठला कालव्यावर ये. येताना घरातली संपत आलेली एखादी वस्तू आण."

हे मी आईला सांगितले, तेव्हा मास्तर भंगाराचा धंदा करतात अशी तिची समजूत झाली.

कालव्याच्या कडेला, लिंबाखाली सरांचा नापासांचा वर्ग भरायचा. आम्ही अकरा जण होतो. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सरांनी इंग्रजीतली चौदा क्रियापदे लिहून ते झाडाला टांगले होते. यूज अप, रन आउट, ड्रेन, डिप्लीट, एक्झॉस्ट अशी सगळी संपण्या-संपवण्याचीच. आमच्या सरावाच्या पेपरांत पाणी फिनिश, डिझेल फिनिश, माणूससुद्धा फिनिश, असा एकाच शब्दावर कारभार चालतो हे सरांच्या ध्यानात आले होते. ते म्हणायचे, "आपल्याकडं पाणी आटतं, डिझेल संपतं, साबण झिजतो, जमिनीचा कस जातो आन माणूस दमतो. मराठीत पाच शब्द वापरता, मग इंग्रजीतच एवढी काटकसर कशापायी?"

मग ज्याने त्याने आपली वस्तू पुढे ठेवायची आणि तिचे काय झाले ते इंग्रजीत सांगायचे. साबणाच्या चिपटीला एक क्रियापद, गळक्या घागरीला दुसरे. पोपट नावाचा आमचा सोबती आजीच्या मिश्रीची डबी घेऊन आला. त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत आजीच कालव्यावर हजर झाली. डबीत दोन दिवसांची मिश्री शिल्लक होती, त्यामुळे वस्तू संपत आली आहे हेच तिला मान्य नव्हते. सरांनी हात जोडून डबी परत केली आणि वर पोपटाला सांगितले की, पुरावा तपासल्याशिवाय क्रियापद वापरायचे नाही.

स्वतः सर खडू बोटात मावेनासा झाला की बांबूच्या बारीक नळीत खोचून लिहीत. त्यांच्या फळ्याखाली खडूचा तुकडा पडलेला मी कधी पाहिला नाही.

माझी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माझे वडील, आबा, माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवत. त्यांनी सरळ सांगून टाकले होते, "मार्चला पास झालीस तर पुढं शीक. न्हाय झालीस तर तुझ्या मामाच्या पोराला होकार कळवतो." मला पुढे शिकायचे होते, काहीही करून. एका रविवारी मी रिकाम्या हातानेच वर्गाला गेले. सरांनी वस्तू विचारली तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हणाले की, आमच्या घरी माझ्या वडिलांचा धीर संपत आला आहे.

पोरे खो खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी कॅलेंडर झाडावरून काढून गुंडाळले. "जी वस्तू वर्गात आणता येत न्हाय, तिच्याकडं वर्गानं जायचं," ते म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्यामागे आम्ही अकरा जण.

कालव्यापलीकडच्या आमच्या वस्तीवर आबा कारखान्यावर खेप टाकून नुकतेच परतले होते. ट्रॉली दारात उभी होती. बाजेवर बसून ते भाकरी खात होते. मास्तर आणि पोरांची ही वरात बघून त्यांचा घास हातातच राहिला.

"काय केलं हिनं?" त्यांनी विचारले.

"हिनं काय न्हाय केलं. आमी तुमचा धीर बघायला आलोय," सर म्हणाले आणि हे संपण्याचे चौदा शब्द, असे सांगत त्यांनी कॅलेंडर ट्रॉलीला टांगले. मग आम्हाला अंगणात बसवून एकेकाला उभे केले. आबांच्या धीरावर प्रत्येकाने इंग्रजीत एक वाक्य बोलायचे होते. तीन वाक्ये झाल्यावर आबांनी ताट बाजूला सारले.

"माझ्याच दारात माझ्याबद्दल काय बोलत्यात ही? मराठीत सांगा."

सरांनी जसेच्या तसे सांगितले. "हा म्हणतो, तुमचा धीर टाकीतल्या डिझेलवाणी सरत आलाय. ही म्हणते, घागर गळावी तसा गळून गेला. आन पोपट म्हणतो, साबणाची चिपटी उरती तेवढाच उरलाय."

मला वाटले, आता आबा सगळ्यांना हाकलून देणार. पण त्यांनी बोटाने कॅलेंडरवरच्या ओळी मोजल्या. मग म्हणाले, "खरं हाय. पर मास्तर, संपायचं चौदा शब्द लिवलंय तुमी. भरायचं किती हायेत?"

सरांनी कॅलेंडर वरून खाली वाचले. पुन्हा वाचले.

"एक बी न्हाय," ते म्हणाले. "चुकलं माझं."

आपल्या विद्यार्थ्यांसमोर इतक्या सहज चूक कबूल करणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता. सरांनी खिशातून खडूची नळी काढली आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर पंधरावा शब्द लिहिला, रिप्लेनिश. कमी झालेले पुन्हा भरून काढणे, असा त्याचा अर्थ सांगून त्यांनी आबांना विचारले, "तुमचा धीर भरायला काय लागंल?"

"हिनं ह्या शब्दाचं वाक्य करावं. आत्ता."

मी उठले. मार्चमध्ये मी माझ्या वडिलांचा धीर पुन्हा भरून काढीन, असे मी न अडखळता इंग्रजीत म्हणाले. सरांनी ते मराठीत सांगितले. आबा आईकडे वळून म्हणाले, "च्या टाक सगळ्यास्नी. आन मामाला निरोप धाड, मार्चपातूर काय बोलायचं न्हाय."

त्या दिवसापासून आमच्या वह्यांत दोन रकाने आले. एका बाजूला सरले काय, दुसऱ्या बाजूला भरायचे कसे. मार्चमध्ये इंदापूरच्या केंद्रावर पेपर सुटला तेव्हा सर फाटकाबाहेर उभे होते. वर्षाची शिल्लक राहिलेली किरकोळ रजा त्यांनी आमच्यासाठी टाकली होती, हे मला फार नंतर कळले. मी पास झाले. आबांनी पेंटरकडून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तो पंधरावा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत रंगवून घेतला. कारखान्याच्या रांगेत लोकांना ते ट्रॉलीच्या कंपनीचे नाव वाटे आणि आबा प्रत्येकाला थांबवून अर्थ सांगत.

आज बारामतीत माझे औषधांचे दुकान आहे. काय संपले आणि काय मागवायचे याची माझी वही अजून त्याच दोन रकान्यांची आहे. सर, ही वही तुमची आहे. मी फक्त ती सांभाळते.

गेल्या महिन्यात सर फोनवर म्हणाले, "पंचाहत्तरी आली. आता दम पुरत न्हाय. रविवारचा वर्ग बंद करावा म्हणतो." त्याचे उत्तर मी आज इथे, त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात, सगळ्यांसमोर देते.

सर, तुम्ही शंभरी गाठा, ठणठणीत राहा, आणि वर्ग मुळीच बंद करू नका. येत्या रविवारी सकाळी आठला आम्ही जुने अकरा जण तुमच्या दारात येतो आहोत, तुमचा दम बघायला. आबाही येणार आहेत. यापुढे दर रविवारी आमच्यातला एक जण शिकवील. तुम्ही खुर्चीत बसायचे आणि आमच्या चुका काढायच्या. खडू आम्ही आणू, अख्खा.