उजव्या बाजूचा काठ

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी होडीचा काठ खरवडायला बसलो आणि पहिल्याच सकाळी माझ्या हातातली पत्र्याची पट्टी लाकडात सहज आत गेली. चांगलं लाकूड खरवडताना करकरतं. इथे आवाजच आला नाही.

मुळशीच्या धरणात आमची एक जुनी सागवानी होडी होती. आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यातून माणसं पलीकडच्या गावांना नेत. पावसाळ्यात ती चालत नसे. किनाऱ्यावर ओढून, उजव्या कुशीवर कलती करून ठेवायची. होडीच्या फळ्यांवर सगळीकडून चार बोटं रुंद लाकडी पट्टी ठोकलेली असते, तो काठ. चार महिन्यांत त्याच्यावर काळी-पांढरी बुरशी चढे. पाऊस सरला की आबा ती पुसत, लाकडाला आठ-दहा दिवस ऊन देत आणि मग करंजाचं तेल चोळत.

आदल्या वर्षी मी मध्ये पडलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्यात दुकानांच्या दारांना चकचकीत तेलरंग दिलेला पाहिला होता. मी हिरव्या रंगाचा डबा घेऊन आलो आणि आबांना म्हणालो, रंग दिला की पाणी आत शिरतच नाही. लाकूड तेव्हा पुरतं वाळलं नव्हतं, पण माझी सुट्टी संपत आली होती. आबांनी मला अडवलं नाही. उलट वर्षभर ते होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "पोरानं रंगवलीया."

बाहेरचं पाणी आत शिरलं नाही, हे खरं. आतली ओल मात्र बाहेरही पडली नाही. वर हिरवं कवच शाबूत आणि आत लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं. उजव्या बाजूला मधोमध दोन हात लांबीचा काठ असा झाला होता.

आबा खाली पाण्याशी वल्हं धूत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "लाकूड कसं हाय रं?"

"बरं आहे," मी म्हणालो.

असं का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा "पोरानं रंगवलीया" हे कानात होतं. एकदा म्हणून गेलो आणि मग तेच खरं करून दाखवावं लागलं. सोड्याच्या पाण्यानं बुरशी पुसली. कुजकं जेवढं निघालं तेवढं काढलं. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून भेगा बुजवायची लांबी केली, ती पोकळीत दाबून बसवली, काचकागदानं घासली आणि वरून रंगाचे दोन हात दिले. काठ आरशासारखा दिसू लागला. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि बोटांवर दिवस मोजले. चार दिवसांवर देवीची ओटी होती.

आबांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. देऊळही खालीच. पाऊस संपल्यावर त्या गावच्या लेकी होडीतून देवळाच्या वरपर्यंत जात आणि पाण्यातच देवीची ओटी भरत. देवीला उजवी घालायची, म्हणून आबा होडी अशी वळवत की देऊळ उजव्या हाताला येई. मग साऱ्या बायका उजव्या काठावर छाती टेकून वाकत आणि पाण्याला हळदकुंकू लावत.

चार दिवस मी ताटावरून अर्धवटच उठत होतो. आई म्हणाली, पुण्याचं पाणी बाधलं असेल.

ओटीच्या सकाळी चौदा बायका बसल्या. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. सर्वांत पुढे माझी आत्या, आबांची थोरली बहीण, मांडीवर ओटीचं सूप घेऊन. तिनं काठावर तळवा घासला. "बघा गं, माज्या भाच्यानं कसा केलाय! तोंड दिसतंय."

"तुजं न्हाई, म्हशीचं दिसंल," मागून कोणीतरी म्हणालं आणि होडी हसण्यानं हलली. मी फळी घट्ट धरली.

किनारा लांब गेला. पाणी हिरव्याचं काळं झालं. आबांनी होडी वळवायला सुरुवात केली तशा बायका उठू लागल्या.

"आत्या, बसून घ्या. सगळ्याजणी एका बाजूला नका येऊ."

"आरं, वरसावरसाला येतोय आमी. शिकून लई भित्रा झालास बग."

तिनं कोपर काठावर टेकलं. अगदी तिथेच. हिरव्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली. ती फक्त मला दिसली.  मी ओरडलो.

"काठ कुजलाय! मी लांबी भरलीय. आबा, मी खोटं बोललो!"

 आबांनी वल्हं थांबवलं. "बसा समद्या. हलू नका," ते इतकं हळू म्हणाले की सगळ्या जागच्या जागी बसल्या. ते वाकत पुढे आले आणि त्यांनी रेघेवर अंगठा ठेवून दाबला. अंगठा पेरभर आत गेला. लांबीचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला आणि बुडताना बराच वेळ पांढरा दिसत राहिला. आत्यानं तोंडाला पदर लावला.

तरी ओटी चुकली नाही. आबांनी होडीच्या मधोमध बसून वल्ह्याच्या पानावर सूप ठेवलं आणि वल्हं लांबवून सूप अलगद पाण्यावर सोडलं. बायकांनी बसल्या जागेवरून हात जोडले. परतताना मी मान वर केली नाही.

किनाऱ्याला बायका उतरून गेल्या. मला वाटलं, आता मार बसेल. बसावा असंही वाटत होतं. आबा हाताला चिकटलेली लांबी चोळून काढत होते.

"रंगाचं मला बी कळलं न्हाई," ते म्हणाले. "पन लाकूड कसं हाय, म्हनून इचारलं व्हतं मी."

मग त्यांनी होडीतून लाकूड तपासायचा टोचा काढून माझ्या हातात दिला. मी काठाच्या एका टोकाला बसलो आणि वीतवीत अंतरावर टोचून पाहू लागलो.  चांगलं लागलं की "हे बरं आहे" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि आबांनी तिथे स्वतः अंगठा दाबून पाहायचा. डावी बाजूसुद्धा त्यांनी तशीच सगळी तपासली.