खिडकीतून आलेला टॉवेल

मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट झाला, तेव्हापासून एक शेतकरी रोज सकाळी आमच्या कोल्हापूरच्या गाडीत खिडकीतून डोक्याचा टॉवेल फेकायचा. माझ्या शेजारची जागा लेकीसाठी धरायचा. स्वतः गाडीखालीच उभा.

मी एकदा वैतागलोच. "गावात शाळा न्हाय व्हय?"

"हाय की, पर सातवीपतूरच. फुडं कोल्हापूरच. पास सरकारनं दिलाय पावणं, जागा बापानंच धराय पायजे."

पोरगी बसली की टॉवेल परत द्यायची. गाडी हलेपर्यंत तो टॉवेल हातात धरून उघड्या डोक्यानंच उभा.

दहावी होऊन ती पुण्याला शिकायला गेली. त्यानंतरच्या सोमवारी टॉवेल पुन्हा येऊन पडला. खाली तो एकटाच होता.

"सवय हो," तो ओशाळून म्हणाला.

मी टॉवेल परत दिला आणि त्या जागेवर माझा रुमाल टाकला. कोल्हापूर येईपर्यंत तिथं कुणाला बसू दिलं नाही.