चकचकीत राजा

आमच्या मामाच्या दारावरच्या पितळी पाटीवर नाव नाही. होतं, पण मामानेच घासून घासून घालवलं. एका मोठ्या हॉटेलात दारांच्या मुठी आणि जिन्याचे कठडे चमकवण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून तो घरातल्या वस्तूंच्या मागे लागला. पोस्टमन अजून शेजारी जाऊन पत्ता विचारतो.

अशा माणसालाच परसात नळाच्या दुरुस्तीसाठी खणताना ते नाणं सापडावं, याला म्हणतात नशीब! बटणाएवढं, हिरवट, मातीने माखलेलं. मी फोटो काढून संग्रहालयाला पाठवला. तिथल्या बाईंचा फोन आला. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं, व्यापाऱ्यांबरोबर इकडे आलेलं ब्राँझचं नाणं असावं, राजाचा चेहरा दिसतोय, भेट दिलंत तर खाली तुमचं नाव लावू, म्हणाल्या. झालं, मामाचे पाय जमिनीवर ठरेनात. जन्मभर लोकांनी त्याला ‘ए पॉलिशवाल्या’ म्हणून हाक मारली होती. आता त्याचं नाव, बापाच्या नावासकट, छापून लागणार होतं.

मामी म्हणाली, आहे तसं ने. पण ऐकेल तो मामा कसला? चारचौघांत जायचं तर राजाचं तोंड नको धुवायला? आधी लिंबू-मीठ, मग त्याची ती हॉटेलातली पावडर.

संग्रहालयात त्याने ऐटीत रुमाल उलगडला. नाणं लखलखत होतं आणि राजाला नाक-डोळे काही उरले नव्हते. बाई मटकन खुर्चीत बसल्या. शेकडो वर्षं मातीने जपलेलं मामाने चहा निवायच्या आत संपवलं होतं. त्याचा चेहरा पार उतरला. नाव लागेल ना, एवढंच त्याने हळूच विचारलं. मला आधी संताप आला, मग मीही बाईंकडे आशेने बघितलं.

नाव लागलं. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं बघायला गेलो. काळपट नाण्यांच्या रांगेत मामाचं एकटं चमकत होतं. खाली त्याचं पूर्ण नाव होतं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘जुनी नाणी अशी साफ करू नयेत.’

मामाने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग छाती काढून म्हणाला, “बघा, एवढ्यांत आंघोळ केलेलं आपलंच.” आणि खिशातलं फडकं काढून काच घासायला लागला.

मी अडवायला गेले, तर मामीने माझा हात धरला.

“घासू दे. नाव काचेच्या आत आहे. हे तरी टिकेल.”