परग्रहावरच्या तीन खुर्च्या

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात मी गणित शिकवते. संध्याकाळची शेवटची बॅच सुटली, की बाक भिंतीला लावून आम्ही त्याच खोलीत नाटकाची तालीम करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे सहा जुने विद्यार्थी. कोणी बँकेत लागलंय, कोणाचं मोबाईलचं दुकान आहे, एकीचं नुकतंच लग्न झालंय. बरीच वर्षं आम्ही दुसऱ्यांची नाटकं केली. मग एका वर्षी हौशी स्पर्धेसाठी मी स्वतः लिहिलं. ते नाटक पृथ्वीवर घडत नव्हतं.

दोन सूर्य असलेल्या एका ग्रहावर एक साम्राज्य आहे. तिथल्या लोकांना चार हात. सम्राट आहे, आणि लोकांनी निवडलेली सभाही आहे. फार पूर्वी मोठं युद्ध झालं तेव्हा सभेने कायदा केला, की युद्ध संपेपर्यंत फौजेच्या तीन सेनापतींना सभेत खुर्च्या द्याव्यात. आता युद्ध संपलं हे कोणी जाहीर करायचं? सेनापतींनीच. ते करत नाहीत. तीन पिढ्या उलटल्या. सम्राट कोण व्हावा, शाळेत काय शिकवावं, कोणत्या गावाला पाणी द्यावं, सगळं त्या तीन खुर्च्या ठरवतात. कोणी तोंड उघडलं की उत्तर एकच: युद्ध चालू आहे. शेवटी सभेतली एक साधी कारकून बाई उठते आणि विचारते, "लढाई कोनाशी चालू हाय?"

हे मला कुठून सुचलं ते सांगते. माझे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव तेल्हाऱ्याजवळचं, घर अकोल्यात. एका निवडणुकीत काही लोक घरी आले आणि बाबांना पदकं लावून सभेला चला म्हणाले. बाबा गेले. त्यांना मंचावर पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला. बोलणाऱ्याने त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "या वीराकडे पाहा आणि मत द्या." बाबांना कोणी एक शब्द विचारला नाही. घरी येऊन त्यांनी पदकं काढून डबीत ठेवली आणि आईला म्हणाले, "मले बुजगावनं केलं त्यायनं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तरीही नाटक त्यांना दाखवायची मला भीती वाटत होती. अठ्ठावीस वर्षं ज्या वर्दीत काढली, तिच्यावर पोरीने चिखल उडवला असं वाटलं तर? ते अमरावतीला आले होते तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली आणि सरळ बॅच घ्यायला निघून गेले. दोन तासांनी परतले, तर ते पेन्सिल घेऊन बसलेले.

"तुह्या सेनापतीले सॅल्यूट करता येत नाई," ते म्हणाले.

"बाकी?"

"बाकी खरं हाय." मग चष्मा पुसत बोलले, "पलटनीत मी शपथ घेतली थे संविधानाची. कोन्या राजाची नाई, कोन्या साहेबाची नाई. माह्या आज्याले गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. त्या पुस्तकापायी माह्या हातात बंदूक आली अन् तुह्या हातात खडू. त्याच्यावरच कोनी बंदूक ठेवून बसलं, तं मंग आपलं काय राहते?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी चहा टाकला.

स्पर्धेला बारा दिवस उरले असताना संयोजकांचा फोन आला. माणूस ओळखीचा, बोलायला गोड.

"मॅडम, नाटक छान आहे. फक्त सेनापती वाईट दाखवू नका. लोक आपल्या जवानांशी जोडतील."

"त्यांना चार हात आहेत," मी म्हटलं.

"तरी. असं करा, शेवटी सेनापती स्वतःच उठून खुर्ची सोडतो असं दाखवा. टाळ्या पडतील. आणि भाषेचंही बघा. परग्रहावरचे लोक वऱ्हाडी कसे बोलतील?"

"मग कोणती बोलतील?"

"प्रमाण. म्हणजे... सगळ्यांना समजेल अशी."

"तुमचं माझं लहानपण वऱ्हाडीत गेलं. तुम्हाला समजत नाही का?"

ते हसले. मी हसले नाही. एकही ओळ बदलणार नाही असं सांगून मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी मुख्य सेनापतीचं काम करणारा माझा विद्यार्थी आला. तो सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. घरच्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की असल्या नाटकात पोराचं नाव नको. तो खाली मान घालून उभा होता. मी त्याला रागावले नाही. त्याच्या घरात तो एकटाच मिळवता होणार होता. पण तो गेल्यावर बाकीचे पाच जण माझ्याकडे बघत राहिले.

बाबा तेव्हा माझ्याकडेच मुक्कामाला होते, कोपऱ्यात बसून तालीम पाहत होते. म्हणाले, "मी करतो."

"बाबा, दोन जादा हात बांधून उभं राहायचंय. तास दीड तास."

"दोनाले जमलं थे चाराले जमन."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. रोज सकाळी माझ्या गच्चीवर येरझाऱ्या घालत संवाद पाठ करायचे. जादा हात आम्ही कापूस भरून शिवले होते. ते सारखे लोंबायचे, म्हणून बाबांनी आत बांबूच्या कामट्या घालून घेतल्या. पोशाखावर पदकं हवी होती. मी म्हटलं, तुमचीच लावू या का? त्यांचा चेहरा एकदम कडक झाला.

"थे मी कमावले हायेत. ह्या मानसानं कोनती लढाई केली?"

मग आम्ही बाटल्यांची झाकणं चपटी करून लावली.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह अर्धं भरलं होतं. दुसऱ्या अंकात सेनापती सभेत येतो आणि काही न बोलता आपलं शस्त्र टेबलावर ठेवतो, सम्राटासमोर. हाच प्रवेश गाळा असा संयोजकांचा शेवटचा निरोप सकाळी आला होता. बाबांनी ते लाकडी शस्त्र इतकं हळू ठेवलं, की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बंद करा हे!" बाबा हलले नाहीत. कारकून बाईचं काम करणारी माझी विद्यार्थिनी क्षणभर अडखळली. मग ती पुढे आली आणि ठरल्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलली, "लढाई कोनाशी चालू हाय, थे सांगा!"

माझ्या नाटकात खुर्च्या काढाव्यात का यावर मतदान होतं आणि दोन मतं कमी पडतात. खुर्च्या तशाच राहतात. बाईला कामावरून काढतात. ती जाताना म्हणते, "उद्या बी इचारीन." पडदा.

टाळ्या पडल्या, पण सगळ्यांच्या नाही. काही लोक उठून गेले होते. मेकअप उतरवण्याआधीच एक गृहस्थ आत आले आणि बाबांना म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमच्यासारख्या माणसाला हे शोभत नाही."

बाबांचे चारही हात अजून तसेच होते. ते म्हणाले, "मी फौजेत अठ्ठावीस वर्षं होतो. तुमी किती दिवस होते?"

गृहस्थ आल्या पावली परत गेले.

निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, की विषय धाडसी, मात्र भाषेवर आणि शेवटावर काम हवं. मुलांना वाईट वाटलं. मला वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण काम करायची इच्छाही झाली नाही.

मग बाबांनीच त्यांच्या गावी निरोप धाडला. शाळेच्या पटांगणात, सुट्टीच्या दुपारी, आम्ही प्रयोग केला. पडदा नव्हता, माईक नव्हता. समोर बाया सतरंजीवर, गडी मागे उभे. भाषा कोणाला अडली नाही. संपल्यावर एक म्हातारी उठली आणि तिने मला विचारलं, "थे बाई मेली काय मंग?"

"नाही, माय. घरी गेली."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि लुगड्याचा पदर झटकून निघाली. कोणत्याही परीक्षकापेक्षा तिचा शेरा मला जास्त पटला.

सगळं असं गोड झालं नाही. अकोल्यात बाबांचे एक जुने सोबती होते, एकाच पलटणीतले. रोज सकाळी दोघं बरोबर फिरायला जायचे. नाटकाचं ऐकल्यावर त्यांनी बाबांना रस्त्यातच थांबवलं, "तू आपल्या मानसायले बदनाम केलं," म्हणाले. बाबांनी समजावलं, की मी फौजेला नाही, खुर्चीला बोललो. सोबती ऐकून घ्यायलाही थांबले नाहीत. आता ते दुसऱ्या रस्त्याने जातात. बाबा याबद्दल बोलत नाहीत, पण आईकडून मला कळतं, फिरणं लवकर आटपून ते पुन्हा आडवे होतात.

मी एकदा विचारलं, "नाटक थांबवू या का?"

"काहून? एक दोस्त गेला म्हनून? उद्या थो येईन. नाई आला तं नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन मले इचारून थांबू नको. तुह्या मनानं थांबाचं असन तं थांब."

माझ्या मनात थांबायचं नाही. गेल्या वर्षी पुन्हा स्पर्धेला संहिता पाठवली, तीच, कानामात्रा न बदलता. परत आली. यंदाही पाठवली आहे. दरम्यान कौंडण्यपूरच्या वाटेवरच्या एका गावातून बोलावणं आलंय; तिथल्या शाळेच्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, की पोरांना पुढे बसवलं तर चालेल का. मी म्हटलं, पोरांना सगळ्यात पुढे बसवा.