वळणावर उभं राहायचं औषध

घराजवळच्या वळणावर उसाची ट्रॉली माझ्यावर उलटली, तेव्हा मी लासुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते. मोळ्यांखाली तासभर अडकले होते. पायाचं हाड जुळलं. पण लांबून ट्रॅक्टरवरच्या टेपचं गाणं ऐकू आलं, तरी दरदरून घाम फुटायचा. आणि गळीत हंगामात कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांची आमच्या रस्त्याला दिवसभर गाणीच. रजा संपत आली होती. सासऱ्यांनी माझा राजीनामा लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. मला ती करायची नव्हती.

सासूबाईंनी उतारा टाकला. "त्या वळणावर तोंड फिरवायचं, आन त्यातलं काय बोलायचं न्हाय. बोललं की मागं लागतंय." इंदापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप लागायला लागली, घाम होता तिथंच होता. मग बारामतीला दर बुधवारी येणाऱ्या मानसोपचाराच्या बाईंनी सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. घरात ते झकास जमायचं. रस्त्यावर गेलं की फजिती.

मी चिडून म्हणाले, "दम खायला नको, भीती जाईल असं सांगा."

"आहे, पण कडू आहे," त्या म्हणाल्या. "घडलेलं सगळं पहिल्यापासून बोलून कॅसेटवर भरायचं. रोज ऐकायचं. मग वळणावर जाऊन उभं राहायचं, भीती ओसरेपर्यंत."

म्हणजे सासूबाईंच्या बरोबर उलटं. मला तेच आवडलं.

पहिला आठवडा ऐकताना उलट्या झाल्या. सासूबाई दारातनं म्हणाल्या, "बंद कर ते. मेलेलं कशाला उकरतीस?"

"मेलं असतं तर कशाला उकरलं असतं, आत्याबाई?"

पुढं रोज चार वाजता वळणावर जायला लागले. घाम फुटायचा, पण दर खेपेला जरा कमी. रजेच्या शेवटच्या दिवशी सासूबाई मला घरी ओढून न्यायला मागोमाग आल्या. तेवढ्यात ट्रॉली आली. मी शेवटची मोळी जाईपर्यंत बघत राहिले. त्यांनी तोंड फिरवून माझं मनगट धरलं होतं, आणि डोळे गच्च मिटून घेतले होते.

"गेली का गं?" त्यांनी विचारलं.

ट्रॉली उलटली त्या दिवशी नखं फुटेस्तोवर मोळ्या उपसून मला त्यांनीच बाहेर काढलं होतं. त्यांना मात्र कुणीच, मीसुद्धा, काही विचारलं नव्हतं.

सोमवारी मी शाळेत हजर झाले. बुधवारी बारामतीची दोन तिकिटं काढली.