मालक गेले

डोळा लागलाय की नाही, हे प्रमिला आवटीला नीट कळत नाही. दुपारचे अडीच वाजून गेलेत, जेवण झालंय, पंखा अंगावर वारा ढकलतोय आणि ती दिवाणावर कुशीवर पडून संध्याकाळी बोलायचं वाक्य मनात घोळवते आहे. 'या बाईचा नवरा आठच दिवसांपूर्वी गेला होता, आणि तरीही ती कामावर आली होती.'

वाक्य काही अवघड नाही. छत्तीस वर्षं ती ते म्हणत आली आहे. कोल्हापूरच्या कलादालनात सध्या प्रदर्शन चालू आहे. चित्रकार आणि फोटोग्राफर आपापल्या कामासमोर उभे राहतात आणि त्यामागची गोष्ट लोकांना सांगतात. आज पाच वाजता प्रमिलाची पाळी. तिचा फोटो म्हणजे 'वाफ'. शिरोळकडच्या एका गुऱ्हाळात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी काढलेला. उसाच्या उकळत्या रसाच्या काहिलीमागे उभी एक बाई, चेहरा निम्मा वाफेत, एक हात वर, गालांवर पाणी. साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो आला, बक्षीस मिळालं आणि स्टुडिओत लग्नाचे अल्बम चिकटवणारी प्रमिला एका वर्षात फोटोग्राफर झाली.

आज सकाळी ती दालनात असताना मात्र एक म्हातारे गृहस्थ फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. "आमच्याच गावच्या ह्या. गेल्या दिवाळीत वारल्या," असं म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी फोटोखालची पाटी वाचली. नवरा वारल्यानंतर आठव्या दिवशी, वगैरे. पुन्हा एकदा वाचली. "आँ?" एवढंच म्हणाले आणि प्रमिला काही विचारणार तोवर जिना उतरून गेले.

तो "आँ?" जेवतानाही तिच्या कानात होता. आताही आहे. ती वाक्य म्हणते, पण ते शेवटापर्यंत पोचतच नाही. 'या बाईचा नवरा आठच दिवसांपूर्वी...' आणि पुढचे शब्द पंख्याच्या वाऱ्यावर पांगतात. पुन्हा सुरुवात. 'या बाईचा...'

"झोपलीस व्हय?"

पायाशी कुणीतरी बसलंय. दिवाण त्या बाजूला थोडा खचतो. उकळत्या रसाचा वास येतो, गोड आणि किंचित करपट.

"नाही, जागी आहे," प्रमिला म्हणते. ती खरं बोलते आहे असं तिला वाटतं.

तीच बाई आहे. फोटोतलीच, चाळिशीची, कासोटा घातलेली, पदर डोक्यावर. प्रमिला उठून बसते आणि म्हणते, "मावशी." आणि तिला अवघडल्यासारखं होतं, कारण ती स्वतः आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि समोरची बाई तिच्या लेकीच्या वयाची दिसते आहे. पण दुसरी हाक तिला सुचत नाही.

"ऊठ की पोरी. काम हाय."

प्रमिला पाय खाली सोडते. जमिनीवर उसाची चिपाडं पसरलेली आहेत, वाळलेली, पायाखाली मोडणारी. आपल्या घरात ही कुणी आणून टाकली? ती जपून चालते. स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहते तर ओट्याच्या जागी काहील आहे. एक खोली भरेल एवढी रुंद, आणि रस खदखदतोय. फ्रीज मात्र जागच्या जागी आहे. फ्रीजवर तिची रक्तदाबाची गोळी आहे.

"मावशी, तुम्ही गेलात ना? दिवाळीत?"

"व्हय. गेले न्हवं," बाई म्हणते, जशी कुणी बाजाराला जाऊन आलेलं सांगावं. "तुझ्याकडं यायचं राहिलं हुतं."

प्रमिलाच्या गळ्यात कॅमेरा आहे. कधी घातला कुणास ठाऊक. ती सवयीनं डोळ्याला लावते. वाफ, हात, चेहरा, सगळं जमून येतंय, पण मधेच एक माणूस उभा राहतो. पाठमोरा, खांदे रुंद, डोक्याला पांढरा पटका.

"मामा, जरा बाजूला सरा."

तो सरतो. ती पुन्हा डोळा लावते. तो पुन्हा मधे.

"मामा, बाजूला सरा म्हटलं ना."

हे ती आता म्हणते आहे की तेव्हा म्हणाली होती, याचा तिला उलगडा होत नाही. आवाज तिचाच आहे, पण तरुण आहे, आणि त्यात थोडा तोरा आहे. शहरातून आलेल्या मुलीचा.

"कोण आहेत हे?" ती विचारते.

बाई पुढे चालू लागली आहे आणि प्रमिला तिच्यामागून स्वयंपाकघर ओलांडून कलादालनात येते. खुर्च्या मांडल्यात. काही खुर्च्यांवर गुळाच्या ढेपा ठेवल्यात आणि त्या इतक्या लक्ष देऊन ऐकत बसल्यासारख्या दिसतात की प्रमिलाला त्यांच्याकडे पाठ करण्याचा धीर होत नाही. बाकीच्या खुर्च्यांवर माणसं. भिंतीवर फोटो ओले आहेत, दोरीला चिमट्यांनी लावलेले, खाली पाणी ठिबकतंय.

"बोला मॅडम," कुणीतरी म्हणतं. मैथिली खोतचा आवाज आहे, प्रदर्शन भरवणाऱ्या मुलीचा, पण मैथिली कुठे दिसत नाही.

"हा फोटो," प्रमिला सुरू करते, "मी सत्ताविसाव्या वर्षी काढला. या बाईचा नवरा आठच दिवसांपूर्वी गेला होता..."

"कुणाचा?" बाई पहिल्या रांगेत बसली आहे.

"तुमचा. तुम्हीच सांगितलंत मला. मी विचारलं, मावशी, डोळ्यांत पाणी का? तर तुम्ही म्हणालात, मालक गेलं आमचं, आठ दिस झालं."

"व्हय. म्हणले की."

"मग?"

"मालक गेलं. गुऱ्हाळाचं मालक. पाटील. छातीत कळ आली आन् गेलं. त्या साली गुऱ्हाळ चालू हुतंय का न्हाई, त्येचाच समद्यांना घोर." बाई पदर सावरते. "माझा धनी कशाला जाईल? त्यो चुलवाणात जाळ घालत हुता. तूच न्हाईस का त्येला मामा बाजूला सरा, मामा बाजूला सरा केलंस?"

ढेपा हलत नाहीत. माणसं हलत नाहीत. प्रमिलाला खाली बसावंसं वाटतं, पण तिची खुर्ची त्या पटकेवाल्या माणसानं घेतली आहे. तो अजून पाठमोराच आहे.

मालक. एक शब्द. आईसुद्धा वडिलांना मालकच म्हणायची, म्हणून प्रमिलाला दुसरा अर्थ सुचलाच नव्हता. खरंच नव्हता? की सुचला होता आणि नको होता? ती आठवायचा प्रयत्न करते. एसटीत बसून वहीत लिहिलं होतं तिनं, 'नवरा वारला, आठ दिवस.' लिहिताना हात थांबला होता का? थांबला असेल. रस्ता खराब होता, म्हणूनही थांबला असेल.

"मी... मला कळलं नाही, मावशी."

"तू इचारलंस न्हाई. कुठलं मालक, येवढं इचारायचं. मी तितंच हुते."

तेवढ्यात दालनातले दिवे लाल होतात आणि भिंती जवळ येतात. ती जुन्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये उभी आहे, हात ट्रेमध्ये बुडलेले. बाई शेजारी उभी राहून वाकून बघते आहे. कागद पाण्यात डुलतोय. त्यावर वाफ उमटते, काहील उमटते, पण बाई उमटत नाही. ती जिथे असायला हवी तिथे कोरी जागा आहे.

"त्यो तुझा अंक आला हुता गावात," बाई हळू आवाजात सांगते, डार्करूममध्ये सगळेच हळू बोलतात तसं. "मास्तरांनी चावडीफुडं वाचून दाखिवला. आमचं हे घरी आलं आन् म्हणालं, आगं ऐकलंस का, मी मेलो की! आन् हसाय लागलं. आख्खा गाव हसला."

"आणि तुम्ही?"

"माझ्या सासूनं त्येची धा येळा दिष्ट काढली. मला म्हणली, आसं काय बोललीस गं त्या पोरीफुडं? आता काय सांगू?" बाई ट्रेच्या कडेवर बोट फिरवते. "आकरा वरसं जगला त्यो त्येच्या फुडं. चांगला जगला. पर गुऱ्हाळं लागली, थंडी पडली, की माझा जीव खालीवर. कामावरनं यायला जरा उशीर झाला की वाटायचं, आलं खरं हुन. छापलेलं हुतं न्हवं."

प्रमिलाच्या हातांना पाणी गार लागतं. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत तिनं दिल्लीत गोष्ट सांगितली, पुण्यात सांगितली, कॉलेजच्या पोरांना सांगितली. एके ठिकाणी तर सांगताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"रागावलाय का माझ्यावर?"

बाई विचार करते. खरोखरच विचार करते, घाई न करता.

"हुता राग. आता कुठं ऱ्हायला त्ये ठावं न्हाई. त्येच्यासाटनं न्हाई आले मी."

"मग?"

"त्या फोटूत मी रडत न्हाई, पोरी. हसत हुते. लई हसत हुते. डोळ्यांतनं पाणी आलं इतकी. आयुष्यात येवढी कदी हसले न्हाई." ती प्रमिलाकडे वळते आणि लाल उजेडात तिचा चेहरा अगदी जवळ येतो. "पर कशाला हसत हुते, त्येच आटवंना झालंय. तिकडं गेल्यापास्नं लई आटवून बगितलं. ह्यांना इचारलं, त्यांनाबी आटवंना. मग म्हणलं, ती पोरगी बघत हुती की. तिला इचारावं. सांग. कशाला हसले मी?"

प्रमिला तोंड उघडते. तिला सांगायचं आहे. या क्षणी तिला दुसरं काहीही नको आहे. ती तो दिवस धरू बघते: धूर, ऊन, चिपाडांचा ढीग, गळ्याला काचणारा पट्टा. पण हाताशी येते ती फक्त तिची गोष्ट, छत्तीस वर्षं सांगून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यात हसणारं कुणीच नाही.

"मला आठवत नाही, मावशी."

"बग की जरा. तूच हुतीस तितं."

"मी फोटो काढत होते."

"त्येच म्हणते मी," बाई म्हणते. "बगत हुतीस."

कागद पाण्यात उलटा होतो. प्रमिला तो धरायला हात घालते, तो निसटतो, ती अजून खोल हात घालते, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. ट्रेला तळच नाही. बाजूला कुणीतरी पाठमोरं उभं आहे आणि सरा म्हणायची तिची छाती होत नाही.

फोन वाजतोय.

प्रमिला दिवाणावर आहे. पंखा चालू आहे. चार वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. जमिनीवर चिपाडं नाहीत, फरशी आहे, पण कपाटाशी स्टूल ओढलेलं आहे आणि वरच्या फळीवरची निगेटिव्हची जुनी फाईल खाली उघडी पडली आहे. ती कधी उठली, स्टुलावर कधी चढली, तिला काहीही आठवत नाही. उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली आहे.

ती मूठ उघडते. आत फिल्मची पट्टी आहे. सहा चौकटींची.

फोन वाजून थांबतो. ती उठते, खिडकीशी जाते, पट्टी उजेडात धरते. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तिसऱ्या चौकटीत 'वाफ'. ही एकच चौकट तिनं आयुष्यभर छापली. चौथी तिनं कधीच मोठी करून पाहिलेली नाही. हात हलला होता, म्हणून पहिल्याच दिवशी सोडून दिलेली.

ती कपाटातलं भिंग आणते.

चौथ्या चौकटीत तोच माणूस आहे. बाजूला सरताना मागच्या आडव्या बांबूच्या खुंटीला त्याचा पटका अडकला आहे, सुटून लांबच्या लांब लोंबतो आहे, आणि तो टकलावर दोन्ही हात ठेवून असा उभा आहे, जणू भर बाजारात त्याचं धोतर सुटलं असावं. आणि बाई वाकली आहे. एका हातानं त्याच्या दंडाला धरून, पोट आवळून, तोंड उघडं टाकून हसते आहे. कपाळावर, वाफेपासून दूर, कुंकवाचा ठिपका स्पष्ट दिसतो.

प्रमिला भिंग खाली ठेवते, पुन्हा उचलते. आपल्याला हे आत्ता आठवतंय की नुसतं दिसतंय, हे तिला सांगता येणार नाही. पण तिच्या घशातून एक आवाज येतो आणि तो हसण्याचा आहे. पाठोपाठ डोळे भरून येतात.

फोन पुन्हा वाजतो. मैथिली.

"मॅडम, निघालात ना? गाडी पाठवू का?"

"मैथिली, माझ्या फोटोखालची पाटी काढ."

"काढू? का? चुकलंय का काही?"

"हो. मी चुकले. आल्यावर सगळ्यांसमोर सांगते." ती पट्टी पुन्हा उजेडात धरते. "आणि एक मोठा प्रिंट करायचाय. आजच जमलं तर बघ. निगेटिव्ह घेऊन येते."

"बघते. पण मॅडम, पाटीवर आता काय लिहायचं?"

"लिही, नवऱ्याचा पटका अडकला म्हणून हसणारी बाई."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज येतो. मग मैथिली विचारते, "नाव काय यांचं?"

प्रमिला बोलायला जाते आणि थबकते. छत्तीस वर्षं तिनं नाव विचारलेलं नाही. आत्ता, तासाभरापूर्वी, बाई स्वतः पायाशी येऊन बसली होती, तेव्हाही नाही.

"जागा मोकळी ठेव," ती म्हणते. "उद्या सकाळी शिरोळला जाऊन विचारून येते."

फोन ठेवून ती पट्टी नीट कागदात गुंडाळते. मग हाताकडे तिचं लक्ष जातं. पट्टी इतकी दाबून धरली होती की तिच्या दोन्ही कडांची भोकं तळहातावर उमटली आहेत. बारीक चौकोनी खुणा, ओळीनं, दुहेरी. ती अंगठ्यानं त्या चोळून बघते. जात नाहीत.